एकशे सत्त्याऐंशी पत्रं

रेणू पार्कात नोकरी करते हे मी पहिली चार वर्षं मंडळात कोणाला नीट सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं की "गव्हर्नमेंटमध्ये आहे" म्हणायचो आणि ताटातल्या मसालेभाताकडे वळायचो. इथे अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळात पोरांचे हुद्दे आईबापांना तोंडपाठ असतात. अमक्याचा मुलगा चिप डिझाइनमध्ये, तमक्याची मुलगी हार्ट सर्जन. माझी एकुलती एक मुलगी बायॉलॉजीत मास्टर्स करून डोंगरावरच्या एका पब्लिक पार्कात चिखलाचे बूट घालून हिंडत होती. प्रताप केळापुरे, मंडळाचा माजी अध्यक्ष आणि कायमचा शहाणा, एकदा पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हणजे रेंजर ना रे प्रल्हाद? ती टोपी घालतात ते?" मी हसलो. घरी येताना गाडीत बायकोवर उगाच खेकसलो.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते निव्वळ मायेपोटी झालं असं मी बरेच दिवस स्वतःला पटवत होतो. माया होतीच. पण ही लाजही होती, आणि कामाला लागली ती तीच.

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी रेणू मला तिच्या ऑल्डर रिज पार्कात घेऊन गेली. रात्रभर पडून पाऊस नुकताच थांबला होता. तिथे फर्न लूप नावाची तीन मैलांची ट्रेल आहे. ओकच्या झाडीतून वळणं घेत ती एका तळ्यापाशी उतरते. माउंटन बाइकवाल्यांची ही लाडकी ट्रेल, कारण उतार आहे, मुळांवरून उड्या मारता येतात. ट्रेलच्या मधोमध घोटाभर खोल चर पडला होता. ब्रेक दाबून दाबून माती सुटली होती आणि चॉकलेटी पाणी त्या चरातून थेट तळ्यात चाललं होतं.

"बाबा, खाली बघून चाल," रेणू म्हणाली.

मी पाहिलं. पालीएवढा एक जीव, पाठ तपकिरी, पोट संत्र्याच्या रंगाचं. न्यूट म्हणतात त्याला. दिसतो सरड्यासारखा, पण गोत बेडकाचं. वर्षभर हे ओकखालच्या बिळांत पडून असतात आणि हिवाळ्याच्या पावसात अंडी घालायला तळ्याकडे निघतात. चाल इतकी संथ की ती चार हातांची वाट ओलांडायला त्यांना पाच-सात मिनिटं लागतात. वळणावरून सुसाट येणाऱ्या सायकलवाल्याला ते दिसतसुद्धा नाहीत.

अर्ध्या मैलात आम्हाला तेवीस चिरडलेले सापडले. चोविसावा मागच्या अर्ध्या अंगाने सपाट झाला होता आणि पुढचे दोन पाय अजून तळ्याच्या दिशेने हलत होते. रेणूने फोटो काढला, वहीत नोंद केली, तारीख-वेळ लिहिली आणि पुढे निघाली. मी तीस वर्षं चिप टेस्टिंगमध्ये काढली आहेत. मनाला त्रास होतोय म्हणून रीडिंग चुकवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि न चुकवणारीही. माझी मुलगी दुसऱ्या जातीची होती, आणि हे मला ती अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर कळत होतं. मला भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला.

"बंदच का नाही करत ह्या सायकली?" मी विचारलं.

"बाबा, आय डोन्ट हेट बाइकर्स. मी स्वतः राइड करते. फक्त नोव्हेंबर टू मार्च क्लोज करायचं. विंटरसाठी पलीकडच्या रिजवर नवीन ट्रेल देतोय आम्ही. तिथे न्यूट्स नाहीत, स्लोप पण जेंटल आहे, सो माती वाहून जाणार नाही. एव्हरीबडी गेट्स समथिंग."

दोन हिवाळे ती मोजत होती. किती सायकली गेल्या, किती न्यूट मेले, माती किती इंच गेली, तळ्यातली किती अंडी गाळाखाली दबली. ह्या सगळ्याचा रिपोर्ट सप्टेंबरच्या शेवटी पार्कच्या बोर्डासमोर जायचा होता. पाच निवडून आलेले सभासद मत देणार आणि ट्रेल हिवाळ्यात बंद राहणार की नाही ते ठरणार. तोवर कोणीही नागरिक पार्कच्या वेबसाइटवर आपलं मत लिहून पाठवू शकत होता.

ऑगस्टच्या अखेरीस रेणू जेवायला आली तेव्हा एक कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "टेबल्स चेक करशील? मॅथमध्ये मला तुझ्यावर जास्त ट्रस्ट आहे." मी दोन दिवस बसून आकडा न् आकडा तपासला. चौथ्या तक्त्यात टक्केवारीची एक चूक निघाली. तिला फोन करून सांगितली तर ती केवढी खूश झाली! मग म्हणाली, "बाबा, ते अजून ड्राफ्ट आहे हं. बोर्ड रिलीज करेपर्यंत कोणाला दाखवू नको." मी म्हटलं, मी काय वेडा आहे?

पुढच्या आठवड्यात ती आली ती तोंड पाडून. बाइकवाल्यांच्या संघटनेने मोहीम काढली होती. ट्रेल उघडी ठेवा म्हणणारी सहाशे चाळीस पत्रं आली होती आणि तिच्या बाजूने एकतीस. नीलांबरीने तिला वाढता वाढता विचारलं, "मग आता गं?" तर म्हणाली, "आता काही नाही आई. डेटा इज गुड. आय ट्रस्ट द प्रोसेस."

प्रोसेसवर विश्वास! मला हसू आलं. नागपूरला आमच्या घरी गॅस आला तो मामाच्या साहेबांच्या चिठ्ठीवर. टेलिफोन आला तो वडिलांच्या वर्गमित्रामुळे. कॉलेजच्या ॲडमिशनला माझे नव्वद टक्के होते, तरी वडील एक पत्र घेऊन प्रिन्सिपॉलच्या घरी गेलेच होते. गुण असतात सगळ्यांकडे, कामं ओळखीने होतात, हे मी तिथून जे डोक्यात घेऊन आलो ते तीस वर्षांत पुसलं गेलं नाही. आणि पोरगी बिचारी एकटी लढतेय, मंडळात चारशे घरं आपली, ती काय नुसती भोंडल्याला आणि पोटलकला जमायची?

रेणू गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि मंडळाच्या यादीवर मेल टाकला. इंग्रजीत लिहिला, कारण निम्म्या सुना-जावई मराठी वाचत नाहीत. लिहिलं की माझी मुलगी रेणू ऑल्डर रिजची बायॉलॉजिस्ट आहे, एवढा मोठा प्रकल्प तिने एकटीने उभा केलाय, आता आपल्या घरच्या मुलीचं काम आहे, सर्वांनी पत्रं पाठवा. खाली एक तयार मजकूर दिला. आणि लोकांना तिच्या कामाची थोरवी कळावी म्हणून तिच्या ड्राफ्टमधले चारही तक्ते फोटो काढून जोडले. प्रतापला ते दिसावेत ही इच्छा होती, खोटं कशाला बोलू? शेवटी ठळक अक्षरात एक ओळ टाकली, 'रेणूला तुम्ही किती वर्षांपासून ओळखता हे पत्रात अवश्य लिहावे. त्याने वजन पडते.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नकुलचा फोन आला. नकुल सनीव्हेलला असतो, पुण्याचा, चाळिशीचा, सॉफ्टवेअरमध्ये. दर शनिवारी महागडी माउंटन बाइक गाडीच्या मागे अडकवून डोंगरात जाणाऱ्यांपैकी. मंडळाच्या यादीवर तोही होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"काका, तुमचा मेल पाहिला. प्लीज तो रिकॉल करा. लोकांना सांगा की पाठवू नका."

"का? तुमच्या ट्रेलवर गदा येतेय म्हणून?"

"काका, मी क्लोजरच्या अगेन्स्ट आहे, ते मी ओपनली लिहिलंय. पण रेणूच्या अगेन्स्ट नाही यार. ती ऑनेस्टली काम करते, आमच्या मीटिंगला येऊन सगळं ऐकून घेते. तुम्ही जे टेबल्स टाकलेत ते अजून पब्लिक नाहीयेत. आणि ते 'किती वर्षं ओळखता'... इथे ते उलटं पडतं काका. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात. तिच्यावर येईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कालचा पोरगा मला अमेरिका शिकवतोय! मी त्याला नको नको ते बोललो. स्वतःच्या मजेसाठी मुके जीव चिरडता, वर मला कायदा शिकवता, धमकी देतोस का, तुझ्या वडिलांनी हेच संस्कार केले का. तो एकदाही आवाज न चढवता ऐकत राहिला.

"ठीक आहे काका," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

नीलांबरी शेजारी लसूण सोलत होती. "तो म्हणतोय त्यात तथ्य असेल तर? रेणूला तरी विचारा एकदा."

"तिला सांगायचं नाही. सरप्राइज आहे."

"असली सरप्राइजं तिला आवडत नाहीत हो," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. त्या दिवशी रेणूला एक फोन केला असता तर काम झालं असतं. मी फोन केला तो प्रतापला, पत्र गेलं का विचारायला.

तीन आठवड्यांत एकशे सत्त्याऐंशी पत्रं गेली. पार्कच्या वेबसाइटवर ती सगळ्यांना दिसत होती आणि मी रोज चहाबरोबर वाचायचो. 'रेणूच्या बारशाला मी हजर होते. गुणी मुलगी आहे. तिचे काम मंजूर करावे.' 'देवपुजारी कुटुंबाला मी बावीस वर्षे ओळखतो. अत्यंत सभ्य कुटुंब.' 'रेणू मला मावशी म्हणते.' एकाने तर तिच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रमचा उल्लेख केला होता. एकशे सत्त्याऐंशीतल्या नऊ पत्रांत न्यूट हा शब्द होता. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. मी एका शाबासकीच्या नशेत होतो. मंडळातली माणसं थांबवून विचारत होती, "अरे, रेणू एवढं मोठं काम करते, बोलला नाहीस कधी!"

बोर्डाची बैठक मंगळवारी संध्याकाळी सहाला होती. मंडळाचे पस्तीस जण आले. बायका रेशमी साड्या नेसून आल्या होत्या. रेणू युनिफॉर्म घालून पुढच्या टेबलाशी बसली होती. आम्हाला पाहून आधी गोंधळली, मग हसली, कारण तिला वाटलं फक्त आईबाबा आलेत. मागचे चेहरे ओळखीचे दिसायला लागले तसं तिचं हसू ओसरलं. पत्रं मोजून फाइल करायचं काम दुसऱ्या ऑफिसचं होतं. तिच्यापर्यंत नुसता आकडा यायचा, पत्रं तिने पाहिलीच नव्हती.

अध्यक्षबाईंनी तिचं नाव पुकारलं तेव्हा आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रतापने शिट्टी मारली. अध्यक्षबाईंनी हातोडी आपटली.

रेणू बारा मिनिटं बोलली. शांत, नेमकं, एकही शब्द वाढीव नाही. त्या बारा मिनिटांइतका अभिमान मला आयुष्यात कशाचा वाटला नव्हता.

मग सायकल संघटनेच्या वकीलबाई उठल्या. त्यांचा सूर अगदी सौम्य होता. त्या म्हणाल्या, "ह्या आकड्यांबद्दल आम्हाला काय वाटतं ते सांगायला आम्हाला वेळच मिळालेला नाही. आम्हाला हा रिपोर्ट मागच्या गुरुवारी मिळाला. पण काही लोकांना तो तीन आठवडे आधी मिळालेला दिसतो." आणि त्यांनी पडद्यावर एक पत्र दाखवलं. ते प्रतापचं होतं. त्याने स्वतःचं काही लिहायचे कष्ट घेतले नव्हते. माझा अख्खा मेल, तक्त्यांच्या फोटोंसकट, जसाच्या तसा पार्ककडे फॉरवर्ड केला होता आणि वर एकच शब्द टाकला होता, 'ॲग्रीड'.

माझी ठळक ओळ पडद्यावर हातभर मोठी दिसत होती. त्याने वजन पडते.

वकीलबाईंनी मग बारशाचं पत्र वाचलं, सभ्य कुटुंबाचं वाचलं, मावशीचं वाचलं. कोणीतरी हसलं. आमच्या रांगेत अजून काही जणांना वाटत होतं की आपली पत्रं कौतुकाने वाचली जातायत.

अध्यक्षबाईंनी आमचं आडनाव दोनदा अडखळून उच्चारलं आणि रेणूला विचारलं, "हे गृहस्थ तुमचे कोण?"

"माझे वडील."

"हा ड्राफ्ट त्यांना तुम्ही दिलात?"

रेणूने माझ्याकडे पाहिलं नाही. "हो. माझे हिशोब तपासायला मी दिला. द्यायला नको होता. माय मिस्टेक."

कोणाला दाखवू नको असं तिने मला बजावलं होतं, हे ती बोलली नाही. दोन शब्दांत ती मला पुढे करू शकली असती. मी उठून सांगू शकलो असतो. माझ्यासारखा उठसूट तोंड चालवणारा माणूस, त्या क्षणी खुर्चीला चिकटून बसला. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

बोर्डाने दहा मिनिटांत ठराव केला. रिपोर्ट मागे घ्यावा, बाहेरच्या तज्ज्ञाकडून नव्याने दोन हिवाळे मोजणी करून घ्यावी, तोवर फर्न लूप बाराही महिने खुली राहील. बाइकवाल्यांनीही फार जल्लोष केला नाही. नकुल मागे भिंतीशी उभा होता. तो मान खाली घालून बाहेर गेला.

पार्किंगमध्ये प्रतापने रेणूच्या पाठीवर थाप मारली. "काय बोललीस बेटा! आणि आपण स्ट्रेंग्थ दाखवली की नाही?" ती त्याला "थँक यू, काका" म्हणाली. संस्कार बघा. मग तो गेल्यावर माझ्याकडे वळली.

"टू विंटर्स, बाबा. डेटा खरा आहे, पण आता कोणी तो डेटा म्हणून वाचणार नाही. दे विल रीड मी."

"बेटा, मी तुझ्यासाठीच..."

"नाही. माझ्यासाठी असतं तर मला विचारलं असतंस. तुला त्या लोकांना दाखवायचं होतं की मी कोणीतरी आहे. मी ऑलरेडी होते, बाबा."

ती आमच्या गाडीत बसली नाही.

ऑक्टोबरमध्ये तिची बदली झाली. दुसऱ्या एका पार्कात, पिकनिकची टेबलं बुक करून द्यायच्या खिडकीवर. हे मला नीलांबरीकडून कळलं, कारण रेणू माझा फोन घेत नव्हती. आठवड्याभरात प्रतापचा फोन आला, रेणू आता बुकिंगला आहे म्हणे, तर संक्रांतीच्या पिकनिकला तळ्याकाठची मोठी जागा मिळेल का, तू जरा शब्द टाक. मी फोन आपटला. पण त्याच्यावर चिडायचा मला काय अधिकार होता? तो जे मागत होता ते मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी पावसाने दोन दिवस झोडपलं. नीलांबरी म्हणाली, "एक संस्था फर्न लूपवर मेलेले न्यूट मोजायला माणसं घेतेय. शनिवारी सकाळी आठला. रेणू असेल तिथे." आणखी काहीतरी ती बोलणार होती, पण थांबली. मी बूट शोधायला लागलो होतो.

ट्रेलच्या तोंडाशी एक घडीचं टेबल मांडलं होतं. टेबलामागे रेणू, निळं घरचं जॅकेट घालून. मला वाटलं सुट्टीचा दिवस आहे म्हणून युनिफॉर्म नसेल. तिने मला पाहिलं आणि इतरांना दिला तसा एक फॉर्म आणि पेन मलाही दिलं. चार सायकलवाले आमच्या शेजारून ट्रेलवर शिरले. त्यांना पूर्ण हक्क होता.

मी फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा. शेवटी एक प्रश्न वेगळ्या कागदावर छापून टाचलेला होता, ह्याच वर्षी नवीन घातलेला. पार्कमधला कोणी कर्मचारी आपला नातेवाईक आहे का? असल्यास नाव लिहा. असे लोक मोजणीत भाग घेऊ शकणार नाहीत.

हा नियम कोणामुळे आला ते सांगायची गरज नव्हती. निदान आता तरी खरं लिहावं, आणि घरी जावं, असं मी ठरवलं. 'हो'वर खूण केली आणि समोर रेणूचं नाव लिहून फॉर्म परत दिला.

तिने तो वाचला. मग पेन माझ्या हातात ठेवलं आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला.

"ते खोड. 'नो' वर टिक कर," ती म्हणाली. "मी तीन आठवड्यांपूर्वी जॉब सोडला, बाबा. आईला माहितीये."

मागे रांगेत माणसं उभी होती. मी तिच्या नावावर काट मारली, 'नाही'वर खूण केली आणि खाली सही केली.